नरहरी चुरींची दिवसपाळी

पाम गावात ‘नरहरी चुरी कुठं राहतात’ असं विचारलंत तर माणसं जरा घुटमळतील. ‘ऑपरेटर’ म्हणालात तर कुणीही थेट दारापर्यंत आणून सोडेल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या एका कारखान्यात, या माणसाने एकोणतीस वर्षं पॅनेलसमोर काढली. समोर काटे, हातात पेन, बाजूला वही. वाफेचा दाब किती, टाकीतलं तापमान किती, पंपाचा आवाज कसा, हे दर तासाला वहीत चढलंच पाहिजे. तिथला एक नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरीही तो त्यांच्याबरोबर यायचा. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन सही करत नाही तोवर जागा सोडायची नाही. लेक जागृती जन्मली त्या दिवशी रिलिव्हर आला नाही म्हणून हे सोळा तास खुर्चीवर बसून राहिले. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली, पण यांना त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. उलट चारचौघांत ते ही गोष्ट रंगवून सांगत, आणि त्यांची बायको प्रेमला चहाचे कप उचलत आत निघून जाई.

कारखाना बंद पडला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. एकोणतीस वर्षांच्या वाफांनी त्यांचं नाक पार मारून टाकलं होतं. फोडणी करपली तरी त्यांना दिसल्याशिवाय कळत नसे. यावर घरात थट्टा चालायची, आणि ते स्वतःही तिच्यात सामील व्हायचे. खरा जाच वेगळा होता. करायला काही उरलं नव्हतं. वाडीतली चिकूची झाडं आणि कागड्याच्या फुलांची रोपं प्रेमला बघायची, त्यात यांचा हात कधी नव्हताच. मग यांनी घराचाच कारखाना केला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, टाकी किती वाजता भरली ते विचारायचं, गॅस कधी मोठा आणि कधी बारीक हे सांगायचं. प्रेमलाने दोन वर्षं हे सगळं सोसलं, आणि एकदाच म्हणाली, “तुमाला कुटंतरी ड्युटीला लावाय पायजे.”

मुलगा हर्षित पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात. त्याचा फोन यायचा तो आईला. नरहरींनी उचलला तर ‘बरे आहात ना पप्पा, आईला द्या’ एवढंच. बापलेकांत भांडण नव्हतं. बोलायला काही नव्हतं, आणि ते भांडणापेक्षा वाईट. मुलगा लहान होता तेव्हा बाप पाळीवर, बाप घरी आला तेव्हा मुलगा झोपलेला. तो धागा पुढे कधी जुळलाच नाही. नरहरींना याचं दुःख होतं. ते कधी बोलले नाहीत, पण फोन प्रेमलाच्या हातात दिल्यावर ते उगाचच दाराशी रेंगाळत, आपलं नाव निघतंय का ते ऐकत.

त्या वर्षी दिवाळीनंतर हर्षित गाडीच्या डिकीतून तीन जुनी यंत्रं घेऊन आला. चपलांच्या खोक्याएवढी, पुढे-मागे पंखे लावलेली लोखंडी खोकी. पुण्यातल्या घरमालकाला त्यांचा आवाज सहन होईना, म्हणून ती आता गावी राहणार होती. मागच्या खोलीत मांडणी झाली, बटण दाबलं, आणि घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं झालं.

“हे काय दळतं?” प्रेमलाने विचारलं.

“आकडे,” हर्षित म्हणाला. मग त्याने समजावलं. जगभरची अशी यंत्रं एकच कुलूप उघडायला बघत असतात. किल्ली म्हणजे एक आकडा, आणि तो अंदाजानेच शोधावा लागतो. ज्याचं यंत्र कुलूप उघडेल त्याला क्रिप्टोचं नाणं. आपली यंत्रं म्हातारी, एकट्याने त्यांना काही जमायचं नाही, म्हणून ती हजारोंच्या टोळीत सामील होतात आणि टोळीला मिळालं तर आपल्याला चतकोर-नितकोर मिळतं. छपरावर सोलार होतंच; बाहेरची लाइट गेली की तेही थांबायचं, एवढंच. दिवसा चालवायची, सूर्य मावळला की बंद.

“आणि हा कोण?” नरहरींनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या हिरव्या तुकड्याकडे बोट दाखवलं. पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, त्यातून तीन वायरी निघून तीन यंत्रांत गेलेल्या.

हर्षितचा चेहरा खुलला. भंगारातून यंत्रं घेतली तेव्हा त्यांचे स्वतःचे मेंदू जळालेले होते. मग त्याने हा एवढासा कॉम्प्युटर घेतला, त्यात लागेल ते स्वतः लिहून भरलं, आणि आता तिन्ही यंत्रं हा एकटा हाकत होता. “हेच तुमचं पॅनेल, पप्पा,” तो म्हणाला. जुना मोबाइल शेजारी लावून त्याने पडदा दाखवला. तीन यंत्रं, तिघांचं तापमान, तिघांच्या पंख्यांचा वेग.

नरहरींनी चष्मा लावला आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. मुलाने बनवलेलं काही ते पहिल्यांदाच समजू शकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोईसरहून दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. सकाळी सातला चालू करायचं ते क्रमानेच. आधी बोर्ड, हिरवा दिवा लुकलुकला की पंखे, मग दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक यंत्र. लाइट गेली की सगळं उलट्या क्रमाने, आली की पुन्हा पहिल्यापासून. दर तासाला रीडिंग. तापमान ऐंशीच्या जवळ आलं की मधलं यंत्र बंद, कारण त्याला वारा कमी मिळतो हे त्यांनी चार दिवसांत हेरलं होतं. गरम हवा खोलीतच कोंडायला लागली तेव्हा त्यांनी पत्रा कापून एक नळकांडं केलं. ते भिंतीतून पडवीत काढलं, जमिनीपासून हातभर उंचीवर.

आणि हर्षितचे फोन सुरू झाले. सकाळी आठला एक, संध्याकाळी सहाला एक, आणि तेही बापाला. “पप्पा, तीन नंबर कसा आहे?” “बहात्तर. काल जरा घुरघुरत होता, पंख्याला तेल दिलं.” “पप्पा, काल दुपारी दहा मिनिटं बंद होतं का?” “लाइट गेली होती. बारा सत्तेचाळीस ते बारा अठ्ठावन्न.” पोरगा हसायचा, म्हणायचा, “तुमच्यासारखा माणूस पुण्यात नाही मिळायचा.” हे वाक्य नरहरींनी चारदा प्रेमलाला ऐकवलं, आणि पाचव्यांदा शेजारच्या मारुतीला.

मिळकत काय होती म्हणाल तर महिन्याची चहा-साखरही त्यात निघाली नसती. त्यांना ते ठाऊक होतं. फोन येत होता.

प्रेमला बघत होती. नवरा सकाळी दाढी करून, शर्टाची बटणं लावून मागच्या खोलीत जायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजणं बंद झालं. चिडचिड गेली. तिला दहा वर्षांपासून मधुमेह होता, दर दोन महिन्यांनी बोईसरला साखर तपासायला जायचं आणि नरहरी तिला स्कूटरवर न्यायचे. डिसेंबरची तारीख आली तेव्हा ते म्हणाले, “आज लाइटचा भरवसा नाय. पुढल्या आठवड्यात जाऊ.” जानेवारीतही तेच. “एक दिवस बंद ठेवा की,” ती म्हणाली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने भाताचा टोप गॅसवरून उतरवते म्हणत विषय बदलला. रिक्षाने एकटी गेली असती, पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला हात धरायला कुणीतरी लागायचं. पावलांत हल्ली जीव नसायचा, कुठं टेकतात ते कळायचं नाही.

त्या जानेवारीत पालघरकडे चांगली थंडी पडली. प्रेमला पहाटे कागड्याच्या कळ्या खुडायची. देवाला जाणारी फुलं म्हणून त्या वाफ्यात पायात चप्पल घालायची नाही ही तिच्या सासूची शिस्त, ती तिने कधी मोडली नाही. दवात भिजलेले पाय घेऊन ती सात-सव्वासातला पडवीत यायची, तेव्हा नळकांड्यातून पहिली गरम हवा सुटलेली असायची.

“इते बस,” एकदा नरहरी म्हणाले. “फुकटचा शेक हाय. पाय धर समोर.”

तिने पाट ओढला आणि पाय पत्र्यासमोर धरले. त्यांनी चहा आणून दिला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याने चहा आणून देण्याची ही पहिली वेळ असावी. मग तो रोजचा परिपाठ झाला. ती कळ्यांची परडी मांडीवर घेऊन, पाय शेकत, देठं निवडत बसायची. ते उंबऱ्यात उभे राहून आतल्या पडद्यावर डोळा ठेवायचे आणि तिच्याशी बोलायचे. कारखान्यातल्या गोष्टी, हर्षितने काल काय विचारलं ते. ती हसायची. खरं सांगायचं तर त्या महिनाभरात ही दोघं जितकी बोलली तितकी आधी कधीच बोलली नसतील. सुख म्हणावं असंच होतं ते.

फेब्रुवारी लागला आणि थंडी सरली. प्रेमला पडवीत बसायची थांबली, आणि तरी पायात मोजे घालून वावरू लागली. नरहरींनी विचारलं तेव्हा म्हणाली, “गार लागतं.” त्यांना ते पटलं. मधल्या यंत्राचा पंखा तेव्हा त्रास देत होता, हर्षितने नवा पाठवला होता आणि तो बसवण्यात त्यांचे चार दिवस गेले. ती जरा लंगडते आहे हे दिसलं त्यांना, पण गुडघे दुखत असतील असं त्यांनी धरलं. विचारायचं म्हणूनही विचारलं नाही. ज्या माणसाला तीन नंबरची घुरघुर भिंतीपलीकडून कळायची त्याला घरातली चाल बदललेली कळली नाही, आणि याला कसलंही कारण पुरत नाही.

होळीला जागृती आली. पालघरजवळच्या माहीमला दिलेली त्यांची लेक, मुलांच्या परीक्षांमुळे दोन महिने तिला यायला जमलं नव्हतं. पुरणपोळीचा डबा हातात घेऊन ती ओटीवर चढली आणि उंबऱ्यातच थबकली.

“पप्पा, घरात काय मेलंय?”

“काय नाय,” नरहरी म्हणाले. त्यांना खरोखरच कसला वास येत नव्हता.

जागृतीने डबा तसाच खाली ठेवला. वास कुठून येतो ते हुंगत ती माजघरात गेली. प्रेमला खाटेवर बसली होती, तिने पाय आत ओढून घेतले. जागृतीने उजवा पाय धरला आणि मोजा काढला. मोज्याबरोबर हळदीने माखलेली चिंधी आली, आणि चिंधीबरोबर थोडी कातडी. उजव्या पावलाची बाहेरची कड, करंगळीपासून टाचेपर्यंत, काळी पडली होती. जागृती तोंडावर पदर दाबून बाहेर आली आणि अंगणात ओकली.

मागच्या खोलीत यंत्रं चालू होती. अकराचं रीडिंग व्हायचं होतं. नरहरी दोन पावलं तिकडे गेले, मग उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मेन स्विच तसाच खाली ओढला. क्रम नाही, काही नाही. तिन्ही यंत्रं एकदम गप्प झाली. त्या शांततेत प्रेमला म्हणत होती, “अगं, दुकत नाय गं. खरंच दुकत नाय.”

पालघरच्या इस्पितळात तरुण डॉक्टरांनी पाय पाहिला, साखर तपासली, आणि खुर्ची पुढे ओढली. “हा भाजल्याचा फोड होता. मधुमेहात पावलांची जाणीव जाते, चटका बसला तरी कळत नाही. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी असं काही?”

नरहरींच्या डोळ्यांसमोर पत्र्याचं नळकांडं आलं, आणि पाट, आणि चहाचा कप. “शेक,” ते म्हणाले. “गरम हवेचा. पत्रा होता.”

“पत्र्याला पाय टेकला असेल. बरं, फोड कधी आला? आणि काळं कधीपासून?”

एकोणतीस वर्षं या माणसाला वरिष्ठांनी असेच प्रश्न विचारले होते. दाब कधी वाढला, गळती कधी लागली. तारखेसकट, मिनिटासकट उत्तर द्यायचं ही त्यांची ख्याती. ते डॉक्टरांकडे बघत राहिले. त्यांच्या वहीत ही तारीख नव्हती. डॉक्टरांनी प्रेमलाकडे पाहिलं. तिने एकवार नवऱ्याकडे, एकवार दाराशी उभ्या असलेल्या हर्षितकडे पाहिलं. तो पुण्याहून तसाच गाडी हाणत आला होता.

“मला काय ते आठवत नाय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याच्या चार बोटं खाली पाय कापला. त्यापेक्षा कमी घेता आलं नसतं, डॉक्टर म्हणाले. दोन आठवडे आधी आणलं असतंत तर कदाचित एका बोटावर भागलं असतं.

शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा बापलेक बाहेरच्या बाकावर बसले होते. मग नरहरी म्हणाले, “मी सोडून जायला पाहिजे होतं. तारखेला. पण तिते कोणी नव्हतं. ऐंशीच्या वर गेलं असतं तर जळली असती तुजी मशीनं.”

“जळली नसती,” हर्षित म्हणाला.

“लाइट गेली असती तर?”

“पप्पा, ऐंशीला तो बोर्ड आपोआप बंद करतो. लाइट आली की आपोआप चालू करतो. मी पहिल्या दिवसापासून तसंच करून ठेवलंय.” हर्षित फरशीकडे बघत होता. “रीडिंगही तोच घेतो. दर मिनिटाला. मला पुण्यात दिसतं सगळं.”

नरहरींना आधी समजलंच नाही. “मग तू मला रोज विचारायचा ते?”

हर्षितने दोन्ही हातांत डोकं धरलं. “तुम्ही किती खूश होता. आई म्हणायची, पप्पा माणसात आले. मला वाटलं, तुमचा वेळ जातो. आणि... दुसरं काय बोलायचं तुमच्याशी, मला कळायचं नाही कधी.”

नरहरींना मुलाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आली ती लाज. जिथं त्यांची कुणाला गरज नव्हती ती जागा त्यांनी चार महिने सोडली नव्हती, आणि जिला गरज होती ती त्याच घरात, दोन भिंतींपलीकडे, मोज्यात पाय लपवून लंगडत होती.

अठरा दिवसांनी प्रेमला घरी आली. हर्षित यंत्रं घेऊन गेला, भिंतीतलं भोक नरहरींनी सिमेंटने बुजवलं. ड्रेसिंग कसं करायचं ते नर्सकडून शिकून आले आणि रोज सकाळी ते स्वतःच करू लागले. आधी हात धुवायचे, मग पट्टी ओली करून सोडवायची, मग औषधाचं पाणी. काम चोख. कागड्याच्या कळ्या आता जागृतीने लावून दिलेली बाई खुडते. प्रेमला खाटेवरून खिडकीतून वाफा बघत असते.

एकदा असंच ड्रेसिंग चालू असताना नरहरी मान खाली घालूनच म्हणाले, “डॉक्टरांनी इचारलं तवा तुला खरंच आठवत नव्हतं? फोड कदी आला ते?”

प्रेमलाने खिडकीतून नजर काढली.

“आठवत होतं. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी. तुमाला दाखवायला आले मी तिते, मागच्या खोलीत. पाय पुढं केला न् म्हटलं, बघा हो, फोड आलाय. तुमी मोबाइलकडं बघत होते. म्हणाले, थांब, आठ वाजायला दोन मिन्टं हायत.”

नरहरींचा हात थांबला.

“थांबले मी थोडा वेळ. मग तुमी लिहाय लागले, न् हर्षितचा फोन आला. म्हटलं बोलू देत.”

“मला ठाऊकच नाय,” ते म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. कितीही खणलं तरी त्यांना ती तिथं उभी असलेली आठवत नव्हती. “मग डॉक्टरांना का नाय सांगितलंस?”

तिने त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि उरलेली टोकं स्वतःच घट्ट बांधली.

“हर्षित उभा होता ना तिते.”